बरं वाटलं तरी या

मनगटात लहान हाडांची एक कमान असते आणि तिच्यावर जाड, न ताणणारा पट्टा आडवा बसवलेला असतो. या दोहोंमधल्या अरुंद वाटेनं बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोरखंड) तळहाताकडे जातात आणि त्यांच्या सोबतीनं एक नस जाते, मीडियन नर्व्ह. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अलीकडची अर्धी बाजू, एवढ्या भागाची जाणीव ही एकटी नस सांभाळते. वाटेतला दाब वाढला की पहिला त्रास तिला होतो. कार्पल टनेल सिंड्रोम तो हाच. हाताच्या सर्जनकडे येणाऱ्या तक्रारींमधली ही फार नेहमीची तक्रार, आणि तरीही तिच्यावर आधी कोणता उपचार करावा यावर वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे. अशाच एका संशोधनात रुग्ण म्हणून मी सहभागी झाले. तिथं काय काय होतं, कोण काय विचारतं, कशाची भीती वाटते आणि कशाची वाटायचं कारण नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मला हवं होतं. म्हणून लिहिते आहे.

मी चित्रकला शिकवते. उजव्या हाताला रात्री मुंग्या येऊन जाग यायला लागली. उठून हात झटकला, खाली लोंबता सोडला की थोड्या वेळानं बरं वाटायचं. पुढे दिवसाही बोटांची टोकं बधिर व्हायला लागली आणि बारीक ब्रश धरलाय की नाही हे न बघता कळेनासं झालं. हे शेवटचं झालं तेव्हा मी डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “रात्री जाग आली की काय करता?” मी बोलण्याऐवजी हात झटकून दाखवला. ते म्हणाले, “बोलून सांगितलं नाहीत ते बरं झालं. हा झटका हीच मोठी खूण आहे.” मग दोन्ही मनगटं मिनिटभर खाली वाकवून ठेवायला लावली (फॅलेन चाचणी), नंतर मनगटाच्या पुढच्या भागावर अंगठ्यानं अर्धा मिनिट दाब दिला. दोन्ही वेळा मधल्या बोटात मुंग्या धावल्या. करंगळी मात्र स्वच्छ होती. तिची नस वेगळ्या वाटेनं येते, त्यामुळे ती सुटते. पुढे नर्व्ह कंडक्शन तपासणी झाली. त्वचेवर छोटे विजेचे झटके देऊन संदेश मनगट ओलांडून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते मोजतात. झटके अप्रिय असतात, पण सहन होतात. माझा संदेश मनगटापाशी रेंगाळत होता. थायरॉइड आणि साखरही तपासली, कारण ही दोन्ही बिघडलेली असली की मनगटातल्या या नसेला जास्त त्रास होतो. ती ठीक निघाली.

रात्रीच का, हे मला फार छळायचं. उत्तर आकड्यांत मिळालं. १९८१ साली गेल्बरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत माणसांच्या मनगटात बारीक नळी घालून या वाटेतला दाब प्रत्यक्ष मोजला. निरोगी हातात मनगट सरळ असताना तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा होता, रुग्णांच्या हातात ३२. आणि मनगट पूर्ण वाकवलं की रुग्णांमध्ये तो ९० च्या वर गेला. झोपेत आपण मनगट मुडपून घेतो आणि तासन्‌तास तसंच ठेवतो. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट का देतात, ते या आकड्यांवरून समजतं.

मग पर्यायांची वेळ आली. एक, मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि रात्री स्प्लिंट. दोन, ऑपरेशन करून तो आडवा पट्टा कापणं, म्हणजे वाट मोकळी होते. मी विचारलं, “डॉक्टर, तुमच्या घरातलं कुणी असतं तर काय केलं असतं?” ते थांबले आणि म्हणाले, “ज्यांच्या अंगठ्याखालचा उंचवटा झिजलाय त्यांना मी ऑपरेशनच सांगतो, तिथं वाट बघण्यात अर्थ नाही. पण तुमचा हात मधल्या टप्प्यावर आहे. अशा हाताला आधी काय द्यावं हे मला खात्रीनं माहीत नाही. माहीत असतं, तर जो अभ्यास आम्ही करतोय तो करायचा मला हक्कच नसता.”

डॉक्टरांच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ ऐकून काही जण घाबरतील. मला उलट धीर आला. दोन्ही उपचार रोज दिले जातात, दोन्हींचा गुण येतो, प्रश्न फक्त आधी कोणता हा आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला माझा हात उपयोगी पडू शकतो, हे मला पटलं. पण मी लगेच हो म्हटलं नाही, आणि कुणी घाईही केली नाही. संमतिपत्र आणि माहितीपत्रक घरी न्यायला दिलं. संशोधन समन्वयक म्हणून काम करणारी एक तरुण मुलगी होती, ती म्हणाली, “मॅडम, सगळं वाचा. जे कळलं नाही तिथं खूण करा. सही नाही केलीत तरी उपचार याच ठिकाणी, याच डॉक्टरांकडून मिळतील.” ही ओळ पत्रकातही ठळक छापलेली होती. तशीच आणखी एक: कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल.

पत्रकातला जोखमींचा भाग मी सर्वात जास्त वेळा वाचला. इंजेक्शनच्या बाजूला लिहिलं होतं: काही दिवस दुखणं वाढू शकतं, त्या जागी कातडी पातळ किंवा फिकट होऊ शकते, मधुमेह असेल तर साखर काही दिवस चढते, सुई नसेला लागण्याची शक्यता थोडी पण खरी आहे. ऑपरेशनच्या बाजूला: जखमेत संसर्ग, व्रण दुखरा राहणं, तळहाताच्या बुडाशी दोन्ही बाजूंना काही आठवडे दुखणं, पकड तात्पुरती कमी होणं, क्वचित नसेला इजा, क्वचित हात दीर्घकाळ सुजून दुखत राहणं. या यादीनं मी जागी राहिले हे खरं. पण जोखीम दोन्ही रकान्यांत तितक्याच सरळपणे लिहिलेली होती, एका बाजूला झुकवलेली नव्हती, त्यामुळे कागदावर विश्वास बसला. अभ्यासाला एथिक्स कमिटीची मंजुरी होती आणि तक्रार करायची तर कमिटीशी थेट संपर्क कसा साधायचा तेही दिलेलं होतं.

सही करताना एकच गोष्ट गिळायला जड गेली. कोणता उपचार मिळणार हे मी ठरवणार नव्हते, डॉक्टरही नाही. संगणक ठरवणार होता. माझ्या सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. “तुझा हात काय चिठ्ठ्या टाकायला आहे का?” असं त्या म्हणाल्या. समन्वयक मुलीनं मला जे समजावलं तेच मी त्यांना सांगितलं. डॉक्टरांनी निवड केली तर नकळत ते जास्त खराब हात ऑपरेशनला पाठवतील आणि बरे हात इंजेक्शनला. रुग्णांनी निवड केली तर भित्रे एकीकडे आणि कंटाळलेले दुसरीकडे जातील. मग वर्षानं दोन्ही गटांत फरक दिसला तर तो उपचाराचा की माणसांचा, हे कधीच सांगता येणार नाही. म्हणून वाटप यादृच्छिक करतात, आणि पुढचं नाव कोणत्या गटात पडणार हे सही होईपर्यंत कुणालाच दिसू देत नाहीत. दिसलं तर एखादा चांगल्या मनाचा डॉक्टर आपल्या रुग्णाला म्हणेल, तुम्ही उद्या या. तेवढ्यानंही अभ्यास बिघडतो. सासूबाई गप्प बसल्या. पटलं असं म्हणाल्या नाहीत.

वाटपाआधी हाताची मोजणी झाली आणि हा भाग मला मनापासून आवडला. हातांचं एक रेखाचित्र समोर ठेवलं, पुढून आणि मागून, आणि कुठं मुंग्या, कुठं बधिरपणा, कुठं दुखतं ते वेगवेगळ्या खुणांनी रंगवायला सांगितलं. माझ्यासारखीला हे किती गंभीर काम वाटलं असेल! मी अनामिकेची मधोमध विभागणी करत बसले. तळहाताचा मधला भाग कोरा सोडला, कारण तिथं काहीच होत नव्हतं. मोजणी करणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी तो कोरा भाग बघून मान हलवली. तळहाताची जाणीव नेणारी फांदी त्या पट्ट्याच्या वरून जाते, वाटेतून जात नाही, म्हणून तळहात शाबूत राहतो. न दुखणारी जागाही निदान सांगते, हे मला नवीन होतं.

मग डोळे मिटून बोटांच्या टोकांना नायलॉनचे तंतू टेकवले. प्रत्येक तंतू ठरावीक जोर पडला की वाकतो, त्यामुळे किती हलका स्पर्श कळतो ते आकड्यात मांडता येतं. २.८३ क्रमांकाचा तंतू कळला की स्पर्श नेहमीसारखा. माझ्या करंगळीला तो कळला, मधल्या बोटाला नाही. टेकवलाय हे मला दुसऱ्या, जाड तंतूच्या वेळी समजलं. पकड मोजायला जामार नावाचं यंत्र होतं. कोपर काटकोनात, दंड अंगाला चिकटलेला, मूठ ठरलेल्या खाचेवर, तीन वेळा दाबायचं आणि सरासरी घ्यायची. बाई प्रत्येक वेळी तेच शब्द त्याच सुरात म्हणायच्या, “दाबा, जोरात, आणखी, सोडा.” मी म्हटलं, जरा प्रोत्साहन द्या की. त्या म्हणाल्या, “सगळ्यांना सारखंच द्यायचं असतं. तुम्हाला जास्त ओरडले तर तुमची पकड वाढेल.”

आणि मग बोस्टन प्रश्नावली. १९९३ साली लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली आणि या आजाराच्या अभ्यासांत आजही तीच सर्वाधिक वापरली जाते. लक्षणांवर अकरा प्रश्न, कामांवर आठ, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि सगळं गेल्या दोन आठवड्यांतल्या नेहमीच्या दिवसाबद्दल. रात्री दुखणं किती तीव्र? दुखण्यानं किती वेळा जाग आली? कामांमध्ये: लिहिणं, कपड्यांची बटणं लावणं, वाचताना पुस्तक धरणं, फोन धरणं, बरणीचं झाकण उघडणं, घरकाम, सामानाच्या पिशव्या उचलणं, अंघोळ आणि कपडे घालणं.

हे वाचताना मी अडकले. बरणीच्या झाकणाला त्रास किती? मला काहीच त्रास होत नव्हता, कारण मी बरण्या उघडणं केव्हाच सोडून दिलं होतं. ते काम घरात दुसऱ्याकडे गेलं होतं. पिशवी मी डाव्या हातात घेत होते. पुस्तक मांडीवर ठेवून वाचत होते. मग ‘त्रास नाही’ वर खूण केली तर ते खरं की खोटं? हात बरा नव्हता, मी माझं आयुष्य त्याच्याभोवती वळवून घेतलं होतं. मी समन्वयक मुलीला विचारलं. तिनं उत्तर सुचवलं नाही, सुचवायची तिला परवानगीच नव्हती. तिनं फक्त प्रश्नावलीवरची सूचना पुन्हा वाचून दाखवली: हाताच्या लक्षणांमुळे हे काम करताना किती अडचण येते. मी घरी जाऊन उजव्या हातानं बरणी उघडून पाहिली, मग खूण केली. पुढच्या प्रत्येक भेटीआधी मी ती आठही कामं उजव्या हातानं करून बघत असे. असं करायला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याशिवाय माझ्या उत्तरांना काही अर्थ नाही असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं. संशोधन म्हणजे शेवटी अशा खुणांची बेरीज. नंतर तिच्यावर कितीही हुशार गणित केलं तरी खूणच पोकळ असेल तर काय उपयोग?

संगणकानं मला इंजेक्शनच्या गटात टाकलं. खरं सांगायचं तर मला ऑपरेशन हवं होतं, एकदाचं होऊन जाईल म्हणून.

इंजेक्शनला फार वेळ लागला नाही. मनगटाच्या घडीपाशी कंडरेच्या कडेनं सुई आत गेली. डॉक्टरांनी आधी बजावलं होतं, “बोटात वीज चमकल्यासारखं झालं तर लगेच बोला, मी थांबेन.” चमकलं नाही. एक रात्र मनगट ठणकलं. आणि मग रात्री शांत गेल्या. सलग झोप म्हणजे काय असतं हे मी विसरलेच होते. स्प्लिंट बांधून झोपायची सवय लागली, ब्रश परत बोटांना कळायला लागला. त्या काळातल्या प्रश्नावल्या मी फार आनंदानं भरल्या.

काही महिन्यांनी मुंग्या परतल्या. आधी पहाटे, मग मध्यरात्री. यात माझ्या हाताचं काही वेगळेपण नव्हतं. स्वीडनमधल्या अत्रोशी आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात १११ रुग्ण होते, सगळे असे ज्यांना स्प्लिंटनं पुरेसा गुण आला नव्हता. काहींना ८० मिलिग्रॅम स्टेरॉइड, काहींना ४०, काहींना नुसतं सलाइन, कुणाला काय ते झाकलेलं. दहा आठवड्यांनी स्टेरॉइडवाल्यांना स्पष्टपणे जास्त बरं वाटत होतं. पण वर्षभरात ८० मिलिग्रॅमच्या गटातल्याही ७३ टक्के लोकांचं ऑपरेशन झालं, ४० च्या गटात ८१ टक्के, आणि सलाइनच्या गटात ९२ टक्के. म्हणजे इंजेक्शन खोटं नाही, त्याचा आराम खरा असतो. तो अनेकांच्या बाबतीत टिकत नाही, एवढंच. ही आकडेवारी मी नंतर वाचली. त्या रात्रींमध्ये हाताशी असती तर ‘माझंच काहीतरी बिनसलं’ असं वाटलं नसतं.

अभ्यासाच्या नियमांत इंजेक्शन पुरलं नाही तर ऑपरेशन करता येत होतं. मी ते मागितलं आणि मिळालं.

ऑपरेशन पूर्ण जागेपणी झालं. तळहातात भुलीचं औषध आणि त्यासोबत अॅड्रेनलिन टोचलं. अॅड्रेनलिननं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे दंडाला घट्ट पट्टा आवळावा लागत नाही. पूर्वीच्या पिढ्यांना डॉक्टरकी शिकताना सांगत की बोटांत अॅड्रेनलिन कधी देऊ नका, बोट काळं पडेल. ही समजूत मोडायलाही रुग्णांवरचा अभ्यासच लागला. कॅनडातले सर्जन डोनाल्ड लालोंड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हात आणि बोटांच्या सलग ३,११० रुग्णांची नोंद मांडली, एकाचंही बोट गेलं नव्हतं. टोचल्यावर जवळजवळ अर्धा तास नुसतं थांबायचं असतं, औषधाला पूर्ण काम करायला वेळ द्यायचा. तळहात हळूहळू कागदासारखा पांढरा पडला. त्या अर्ध्या तासात डॉक्टरांनी ऑपरेशननंतर काय करायचं ते सगळं सांगितलं, आणि मी शुद्धीत असल्यामुळे ते माझ्या लक्षात राहिलं.

छेद लहानसा, तळहाताच्या बुडाशी, अनामिकेच्या रेषेत. दुखलं काहीच नाही. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळत होतं. मध्येच ते म्हणाले, “बोटं मिटा, उघडा,” आणि मी मिटली, उघडली. “नस चपटी झाली होती, आता रंग भरतोय,” असं ते म्हणाले तेव्हा मला पडद्यापलीकडे डोकवायची फार इच्छा झाली, पण हलायचं नव्हतं. त्याच रात्री मुंग्या आल्या नाहीत. जखम ठणकत होती, टाके ओढत होते, आणि तरी मुंग्यांनी जाग आली नाही.

पुढचे आठवडे मात्र सोपे नव्हते. तळहाताच्या बुडाशी दोन्ही बाजूंना, टेबलावर हात टेकवून उठताना, कळ यायची. ज्या पट्ट्यावर दोन्ही टोकांचे स्नायू आधार घेत होते तोच कापलेला असतो, त्यामुळे असं होतं. पकडही घसरली, ऑपरेशनआधी होती त्याहून खाली. माहितीपत्रकात हे लिहिलेलं होतं म्हणून घाबरले नाही. साधारण तीन महिन्यांत ती परत जागेवर आली.

इथं अभ्यासातला मला सगळ्यात विचित्र वाटलेला नियम समोर आला. मी समन्वयक मुलीला म्हटलं, “आता माझं ऑपरेशन झालंय, मला त्या गटात टाका.” ती म्हणाली, “नाही मॅडम, तुम्ही शेवटपर्यंत इंजेक्शनच्या गटातच.” मला ते खोटेपणाचं वाटलं. माझा बरा झालेला हात इंजेक्शनच्या खात्यावर जमा होणार? मग तिनं अभ्यासाचं गणित सांभाळणाऱ्या बाईंशी फोनवर बोलणं करून दिलं. त्यांनी उलट प्रश्न विचारला. “इंजेक्शनच्या गटातून ऑपरेशनकडे कोण जातं?” मी म्हटलं, ज्यांना बरं वाटत नाही ते. “मग ते सगळे काढून घेतले तर इंजेक्शनच्या गटात कोण उरेल? फक्त बरे झालेले. मग इंजेक्शन फार थोर दिसेल.” आमचा अभ्यास ‘इंजेक्शन चांगलं की ऑपरेशन’ एवढंच विचारत नव्हता. ‘इंजेक्शनपासून सुरुवात करावी की ऑपरेशनपासून’ हे विचारत होता. आणि इंजेक्शनपासून सुरुवात केली की काहींना नंतर ऑपरेशन लागतं, हा त्या सुरुवातीचाच परिणाम आहे. माझं ऑपरेशन हे त्या गटाचं उत्तर होतं.

पुढे मी २००२ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला नेदरलँड्समधला अभ्यास वाचला तेव्हा हे आणखी स्वच्छ झालं. १७६ रुग्ण, काहींना रात्रीचा स्प्लिंट, काहींना ऑपरेशन. तीन महिन्यांनी स्प्लिंटच्या गटात ५४ टक्के बरे आणि ऑपरेशनच्या गटात ८० टक्के. दीड वर्षानं ७५ आणि ९०. स्प्लिंटचे ५४ चे ७५ कसे झाले? तोवर त्या गटातल्या ४१ टक्के लोकांनी ऑपरेशन करून घेतलं होतं. ते वाक्य वगळून नुसते ७५ आणि ९० वाचले तर माणूस म्हणेल, स्प्लिंटही तसा बराच चालतो.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट माझ्या मनात जास्त खोल गेली. सुरुवातीला १७६ होते. दीड वर्षाचे टक्के १४७ लोकांवर काढलेले आहेत. बाकीच्यांच्या हातांचं काय झालं ते त्या टक्क्यांत नाही.

आमच्याकडेही हे डोळ्यांसमोर घडत होतं. पहिल्या भेटींना बाकांवर जागा नसायची. हळूहळू ओळखीचे चेहरे दिसेनासे झाले. एक गृहस्थ मला बाहेर भेटले, त्यांचा हात पूर्ण बरा होता. “आता कशाला वेळ घालवू?” असं त्यांचं म्हणणं. एक बाई व्रणाच्या दुखण्यानं इतक्या वैतागल्या होत्या की त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. दोघांचीही कारणं मला समजत होती, आणि नियमानं दोघांनाही तो हक्क होता. पण दोघं गेल्यानं काय होतं ते बघा. बरे झालेले आले नाहीत तर उपचार आहे त्याहून वाईट दिसतो. रागावलेले आले नाहीत तर आहे त्याहून चांगला दिसतो. किती गेले आणि कोणत्या बाजूचे गेले हे नक्की कळायचा मार्ग नाही. समन्वयक मुलगी प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायची, “बरं वाटलं तरी या. नाही वाटलं तर नक्की या.” तिच्या कामाचा केवढा तरी भाग हे फोन करण्यात जायचा. शोधनिबंधावर नावं सर्जन मंडळींची येतात. पण तो निबंध विश्वासार्ह ठरतो तो अशा मुलींमुळे, हे मी ठामपणे म्हणते.

मोजणीच्या प्रत्येक भेटीत दोन्ही तळहातांवर जाड चिकटपट्टी लावत, व्रण असो वा नसो. थेरपिस्ट बाईंना कुणाला काय मिळालं ते कळू द्यायचं नव्हतं. “काय झालं ते मला सांगू नका,” असं त्या आधीच म्हणत. एवढं सगळं सोसल्यावर समोर बसलेल्या सहृदय बाईला काहीच सांगायचं नाही, हे अवघड जायचं. पण त्या अज्ञानाचं महत्त्व मला कळलं होतं. ‘ऑपरेशन झालंय, आता कळेल’ अशा अपेक्षेनं तंतू टेकवला तर हात किंचित जास्त दाबला जाऊ शकतो. शेवटच्या भेटीत सगळी मोजणी झाल्यावर त्यांनी एक कागद घेतला आणि मला कोणता उपचार मिळाला असेल याचा अंदाज लिहिला. झाकलेलं खरंच झाकलेलं राहिलं का, हे तपासायची ती पद्धत. कागद पाकिटात गेला. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, आणि मी विचारलं नाही. २.८३ चा तंतू त्या दिवशी मधल्या बोटाला कळला.

शेवटी अभिप्रायाची कोरी जागा होती. तिथं मी लिहिलं की प्रत्येक कामापुढे ‘हे काम तुम्ही अजून करता का?’ असा एक रकाना हवा. बोस्टन प्रश्नावलीला हात लावता येत नाही हे मला सांगितलं होतं. ती बदलली तर जगभरच्या अभ्यासांशी तुलना तुटेल. पण तिच्या शेजारी वेगळा रकाना ठेवायला काय हरकत आहे? समन्वयक मुलीनं ते पुढच्या अभ्यासाच्या टिपणात घातल्याचं नंतर कळवलं.

आमच्या अभ्यासाचं विश्लेषण अजून चालू आहे. दरम्यान २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधल्या ९३४ रुग्णांच्या, अशाच प्रश्नावरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दीड वर्षानं, ऑपरेशनपासून सुरुवात केलेल्यांपैकी ६१ टक्के बरे झालेले होते आणि इंजेक्शनपासून सुरुवात केलेल्यांपैकी ४५ टक्के. इंजेक्शनवाल्यांना गरज पडली तर पुढे ऑपरेशन करता येत होतं, माझ्यासारखंच. मी तो आकडा बराच वेळ बघत बसले. ६१ म्हणजे ऑपरेशनपासून सुरुवात करूनही प्रत्येक जण पूर्ण बरा होत नाही. ४५ म्हणजे इंजेक्शनपासून सुरुवात करून बरे झालेलेही थोडेथोडके नाहीत.

हा आजार बऱ्याचदा दोन्ही हातांना होतो. माझ्या डाव्या हाताला आता पहाटे मुंग्या येतात, अजून रोज नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, यावेळी मला थेट ऑपरेशन हवं. ते म्हणाले, “अभ्यासातले हात तुमच्या आत्ताच्या डाव्या हाताहून पुढे गेलेले असतात. त्रास नवा आणि हलका आहे, सहा आठवडे स्प्लिंट बांधून बघू.” मी आकडे पुन्हा डोळ्यांखालून घातले, त्यांचं म्हणणं बरोबर होतं. स्प्लिंट बांधते आहे. डाव्या हाताची नर्व्ह कंडक्शन तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.